मालवणला स्कूबा करण्याआधी

मंडळाच्या सहलीसाठी मालवणचं नाव निघालं आणि ग्रुपवर पहिला प्रश्न आला, ‘स्कूबा करायचं ना?’ दुसरा लगेच, ‘पोहायला येत नाही, चालेल का?’ चालतं. मलाही धड पोहता येत नाही, तरी गेल्या नाताळच्या सुट्टीत सावंतवाडीच्या मावशीकडून तिकडे जाऊन मी पाण्याखाली उतरून आले. पण आपण नेमकं कशावर उतरतो, ते आधी माहीत असलेलं बरं.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. इथले प्रवाळ पाण्यातल्या खडकांवर ठिकठिकाणी वाढलेले आहेत, तेही उथळातच. अंदमानच्या फोटोतलं निळंशार पाणी मनात धरून जाऊ नका. खाड्यांचा गाळ समुद्रात येतो, पाणी हिरवट दिसतं, आणि चांगल्या दिवशीही नजर काही मीटरच पोचते.

प्रवाळ उथळातच का? कारण त्याला ऊन लागतं. दगडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे, किंबहुना हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून एखाद्या अंशाने वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा होतो. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. (कवितेत ओठांना उपमा देतात ते लाल पोवळं वेगळं. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, आणि त्याला उन्हाची गरज नाही. मालवणचे प्रवाळ बहुतेक तपकिरी, करडे, शेवाळी. ओठांना हा रंग कुणी द्यायला नको.)

आता आपल्या अंगाचं. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून उतरताना कान दडपतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायला लागण्याआधीच, आणि पुनःपुन्हा. दुखलं तर थांबायची खूण करायची, उगीच धीर दाखवायचा नाही. तोंडाने सतत श्वास चालू ठेवायचा, हा सगळ्यात मोठा नियम. ‘उथळच तर आहे’ असं वाटतं, पण हिशेब उलटा आहे. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट फुगते, दहावरून वर येताना दुप्पट. श्वास रोखून वर आलात, तर ती फुगलेली हवा फुप्फुस फाडू शकते.

नवशिक्याला प्रशिक्षक मागून सिलेंडरला धरून नेतो. मला नेणारा दादा मालवणीत एवढंच म्हणाला होता, ‘ताई, हात छातीशी ठेव, कायएक धरू नको.’ तेव्हा वाटलं माझ्या काळजीपोटी, कारण काटेरी काहीतरी असेल. काळजी प्रवाळाचीही होती. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे फुटबॉलएवढा गोळा व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. फिनचा एक फटका पुरतो. फटका नाही बसला तरी पाय आपटून उडालेला गाळ त्याच्यावर बसतो, आणि तो झटकण्यात त्याची ताकद जाते. कुशल डायव्हर पाण्यात तरंगून राहतो, वरही जात नाही, खालीही बसत नाही. वीस मिनिटांसाठी उतरलेल्या आपल्याला ते जमणार नाही. म्हणून हात आत, पाय शांत.

फोटोत मासे जवळ यावेत म्हणून पाव चारतात, तेही नको म्हणून सांगा. आणि किनाऱ्यावर मेलेला प्रवाळ सापडला तरी उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो अनुसूची 1 मध्ये, वाघाच्या रांगेत आहे.

बोट ठरवताना दरावर घासाघीस करण्याआधी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: बोट तिथे बांधता कशाला? कायमच्या बोयाला बांधत असतील तर उत्तम. नांगर प्रवाळावर पडत असेल, तर आपण पाण्यात कितीही जपून वागलो तरी उपयोग नाही. यात बोटवाल्यांना झोडपायची मला घाई नाही. अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला तो मासेमारी बंद होईल या धास्तीने, आणि आज त्यांच्यातल्या अनेक घरांचं पोट पर्यटकांवर आहे. विचारणारी गिऱ्हाईकं वाढली तर बोये वाढतील, असा माझा साधा हिशेब आहे.

राहिलं सहलीचं वेळापत्रक. सर्दी असेल त्याने उतरू नये, कान मोकळे होत नाहीत. डाइव्हनंतर लगेच उंचीवर जायचं नसतं, कारण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला निघायला वेळ लागतो. एका डाइव्हनंतर किमान बारा तास थांबावं असा संकेत आहे आणि तो साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीला धरतात. आंबोलीचा घाट आणि आपलं बेळगाव, दोन्ही त्याहून उंच. तेव्हा स्कूबा पहिल्या दिवशी सकाळी, मुक्काम मालवणात, किल्ला दुसऱ्या दिवशी, आणि मगच परतीची बस.