बुरूज उंच का झाला?

शेंद्रा एमआयडीसीतली शेवटची शिफ्ट सुटली की शनिवारी रात्री दोन-चार गाड्या तरी तुळजापूरच्या दिशेने निघतात. बीड, धाराशिव करत पहाटे आईचं दर्शन घ्यायचं, महाप्रसाद घ्यायचा आणि परत फिरायचं, असा ठरलेला बेत. त्यातल्या फार थोड्या गाड्या तासाभराची वाट आणखी पुढे जातात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गपर्यंत. बोरी नदीच्या काठी वसलेलं हे जुनं गाव. ठाणं म्हणून त्याचा एके काळी दरारा होता. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला मेडोज टेलर कारभार पाहायला इथेच येऊन राहिला होता. धाराशिव जिल्ह्याचं नावसुद्धा 1904 पर्यंत नळदुर्ग जिल्हा असंच होतं. आता ते तालुक्याचंही गाव नाही.

किल्ला पाहायला जे येतात, ते पाणी महालासाठी. त्यात गैर काही नाही, तो आहेच तसा. पण आत शिरल्यावर नजर आधी पकडतो तो उपळी बुरूज. तटापासून आत, किल्ल्याच्या पोटात, सगळ्यांच्या वर मान काढून एकटाच उभा असलेला काळा कातळी दगडाचा डोंगर. गुडघे बोलायला लागतील अशा उंच पायऱ्या. माथ्यावर मोकळं, वाऱ्याने झोडपलेलं पटांगण आणि तिथे दोन तोफा, हत्ती तोफ आणि मगर तोफ. खाली बोरीचं वळण, पलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला, मधे दोघांना सांधणारा बंधारा. इथे उभं राहिलं की पहिला विचार येतो तो टेहळणीचा. एवढा उंच म्हणजे शत्रू लांबून दिसावा म्हणूनच बांधला असणार.

टेहळणीला एवढा दगड लागत नाही. चार माणसं आणि एक नगारा ठेवायला बारीकसा मनोराही पुरला असता. हा बुरूज माणसांसाठी बांधलेलाच नाही, तो तोफेला बसायला बांधलाय. आणि खरी गंमत इथून सुरू होते, कारण जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमक्या याच तोफेने बुरूज खाली बसवले होते.

1453 मध्ये ओट्टोमन तोफांनी कॉन्स्टँटिनोपलचे तट फोडले. 1494 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स तोफा घेऊन इटलीत उतरला आणि उंच, ताठ, देखण्या किल्ल्यांचे दिवस भरले. उंच भिंत म्हणजे तोफेला सोपं लक्ष्य. तिथल्या बांधकाम करणाऱ्यांनी मग तट बुटके आणि जाड केले, त्यात माती भरली आणि कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे बुरूज काढले. हा प्रकार बघायला युरोपात जायची गरज नाही. वसईचा किल्ला बघा. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि त्यांनी ती विद्या सोबतच आणली. वसईचे कोनदार बुरूज जमिनीलगत आहेत, आभाळाकडे बघत नाहीत.

मग त्याच शतकात दख्खनचे सुलतान बुरूज वर वर का चढवत गेले? अडाणी होते म्हणून? मुळीच नाही. यांच्याकडे तोफा ओतणारे कारागीर असे होते, की विजापूरची जगप्रसिद्ध मुलुखमैदान तोफ 1549 मध्ये आपल्या अहिल्यानगरात, निजामशाहीत ओतली गेली. वजन 55 टनांच्या घरात. ती ओतणारा उस्ताद होता मुहम्मद बिन हसन रूमी. अशी माणसं पदरी असताना भिंतीचं काय होतं हे त्यांना कळत नव्हतं, असं मानणं अवघड आहे.

उत्तराचं एक टोक शेंद्र्यापासून फार लांब नाही. दौलताबादला चिनी महालाजवळच्या गोल बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागे मेंढ्याचं डोकं असलेली. फोटो काढणारे त्या डोक्यावरच थांबतात. तुम्ही तोफेच्या पोटाखाली वाका. जात्याची पाळी जशी खुंट्याभोवती फिरते, तशी ही अजस्र तोफ मधल्या एका खुंट्यावर फिरते. बैल नको, गाडा नको, चाकं नकोत. थोडी माणसं जोर लावून तोंड हव्या त्या दिशेला वळवणार. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या अभ्यासकांनी 2014 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात दख्खनचे असे किल्ले बारकाईने तपासलेत. खुंट्यावर फिरणारी लांब तोफ आणि तिच्यासाठी तटाच्या आत उभारलेला उंच बुरूज, ही जोडी दख्खनने दारूगोळ्याच्या युगाला दिलेलं स्वतःचं उत्तर होतं, असा त्यांचा रोख आहे. मला तो पटतो.

आता उंचीचं गणित बघू. तोफेतून गोळा अगदी आडवा सुटला, तरी तो सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागतो. किती वेगाने पुढे चाललाय याचा पडण्याशी संबंध नाही. हातातून सोडलेला दगड आणि आडवा सुटलेला गोळा, उंची सारखी असेल तर जमिनीला एकाच वेळी टेकतात. तट 6 मीटर उंच असेल तर गोळ्याला हवेत जेमतेम 1.1 सेकंद मिळतो. 24 मीटरवरून सोडला तर 2.2 सेकंद. सेकंदाला 300 मीटर वेग धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर पहिला गोळा 330 मीटरवर जमिनीत घुसेल, दुसरा 660 मीटरवर. बारूद तेवढीच, तोफ तीच. जास्तीचे 330 मीटर फुकट मिळाले, ते गवंड्याने दिले.

24 मीटर हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. विजापूरलाही उपळी याच नावाचा बुरूज आहे, 1583-84 मधला, हैदरखानाने बांधलेला, आणि त्याची उंची साधारण 80 फूट भरते. त्याच्या माथ्यावरची मोठी तोफ 30 फुटांहून लांब आहे. ती ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना लावून नळी केली आणि तिच्यावर तापलेली कडी चढवली. कडी गार होताना आवळत जातात आणि पट्ट्यांना घट्ट धरतात. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवायचा, ती हीच विद्या.

समोरून वेढा घालणाऱ्याचं काय होत असेल ते बघा. त्याच्या तोफा खाली, मोकळ्या रानात. त्या ओढत जवळ आणायच्या तर वाटेत हा दुप्पट पल्ला आडवा येतो, आणि वरची तोफ फिरती असल्यामुळे बाजूने वळसा घालूनही उपयोग नाही. बुरूज तटाच्या आत असल्याने त्याच्या पायाला हात लावायचा तर आधी खंदक, मग तट पार करायचा. एक उणं होतं. इतक्या वरून अगदी पायाशी आलेल्या माणसावर तोफ मारता येत नाही. पण तेवढं काम करायला तटावरचे बाकीचे बुरूज होतेच. नळदुर्गाच्या तटावरचा नवबुरूज मुद्दाम बघा. त्याचा दर्शनी भाग नऊ फुगीर पाकळ्यांमध्ये घडवलाय, एवढ्या कठीण काळ्या दगडात. लढाईसाठी इतकी नजाकत लागत नाही, करणाऱ्याला हौस असावी.

हौस हा शब्द नळदुर्गात वापरावाच लागतो, कारण बुरुजावरून दिसणारा तो बंधारा. 1580 च्या आसपास निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून हा किल्ला वेढला होता. तो पडला नाही. पुढच्या पिढीत, 1613 मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत याच किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घातला गेला आणि बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल काढला, तोच हा पाणी महाल. पाणी अडवायला भिंत लागणारच होती, ती इतकी जाड होती की तिच्या आत जिना, दालनं आणि खालच्या बाजूला उघडणारे कमानदार सज्जे बसले. भिंतीला दोन सांडवे, त्यांना नर आणि मादी म्हणतात. नदी भरली की पाणी या दोन वाटांनी खाली झेपावतं आणि तुम्ही मधल्या सज्ज्यात कोरडे उभे. यात जादू काही नाही. सांडव्याच्या कडेवरून सुटणारं पाणी स्वतःच्या वेगाने पुढे फेकलं जातं, भिंतीला चिकटून उतरत नाही.

थोडक्यात, माथ्यावरून सुटलेला गोळा आणि सांडव्यावरून सुटलेलं पाणी एकाच नियमाने पडतं. आडवा वेग आणि उंची जितकी जास्त, तितकं लांब. तोफेच्या गवंड्याला ते गोळा लांब जावा म्हणून हवं होतं, आणि पाण्याच्या गवंड्याला पाहुण्याचा अंगरखा भिजू नये म्हणून.

जायचं असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जा, वरच्या अंगाला असलेलं बोरी धरण भरून वाहू लागल्याची बातमी आली की. त्याशिवाय नर-मादी कोरडेच असतात. सांडव्याजवळ दगडावर शेवाळ असतं, लेकरांचा हात सोडू नका. आणि आधी बुरूज चढा, मग महाल बघा. महालात एकदा बसलं की बुरूज चढायला कुणी उठत नाही.