स्थानकालगतची जुनी उपनगरे आणि चटईक्षेत्राचे नियमन : मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

मुंबईची उपनगरे ही रेल्वेची अपत्ये आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, तेव्हा फोर्टात नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीयास पार्ले, सांताक्रूझ येथे बिऱ्हाड करणे शक्य झाले. ही वस्ती पायी चालणाऱ्या माणसासाठी आखली गेली होती. त्यामुळे स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरातील गल्ल्या अरुंद राहिल्या. १९५० व १९५७ मध्ये ही उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तेथील बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. आज त्यांपैकी अनेक इमारती जीर्ण झाल्या असून त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न सर्वत्र उपस्थित आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या १,२४,४२,३७३ लोकसंख्येपैकी ९३,५६,९६२ लोक उपनगर जिल्ह्यात राहत होते. एवढ्या लोकसंख्येला सार्वजनिक वाहतुकीच्या निकट सामावून घ्यावे, हा विचार तत्त्वतः सर्वांस मान्य असतो. तथापि तो प्रत्यक्षात उतरविणारे किंवा अडविणारे साधन म्हणजे विकास नियंत्रण नियमावली. प्रस्तुत लेखात या नियमावलीचे स्थानकाशी असलेले नाते तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

निर्देशांक म्हणजे काय?

भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारी संख्या म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल तर सर्व मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय ठरते. भूखंडाचा चौथा हिस्सा व्यापल्यास इमारत चार मजल्यांची होते. ही संख्या बांधकाम मोजते, माणसे मोजत नाही. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, पण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

मुंबईत ही पद्धत १९६४ च्या विकास आराखड्यापासून आली. १९९१ च्या नियमावलीने शहर विभागासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी सर्वसाधारणपणे १ असा निर्देशांक ठरविला. चर्चगेटहून येणारी गाडी जेथे थांबते त्या स्थानकासमोरील भूखंड आणि तेथून दोन मैलांवरील भूखंड यांना एकच माप लागू झाले. त्याच नियमावलीने विकास हक्कांचे हस्तांतरण, म्हणजेच टीडीआर, आणले. शहरात आरक्षणाखाली जमीन देणाऱ्यास मोबदला म्हणून मिळालेला बांधकामाचा हक्क उत्तरेकडे, उपनगरांत वापरता येऊ लागला.

मात्र येथे एक विलक्षण अपवाद होता. पश्चिम रेल्वेचे रूळ आणि स्वामी विवेकानंद मार्ग यांच्यामधील पट्टा, तेच रूळ आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांच्यामधील पट्टा, तसेच मध्य रेल्वेचे रूळ आणि लालबहादूर शास्त्री मार्ग यांच्यामधील पट्टा टीडीआरच्या वापरातून वगळण्यात आला. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनातून निर्माण होणाऱ्या टीडीआरपुरता हा निर्बंध शिथिल झाला. गर्दीच्या भागावर आणखी भार नको, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. परंतु त्याचा परिणाम असा की, रेल्वेला सर्वांत जवळचा भूखंड हाच दाट वस्तीस सर्वांत अपात्र ठरला. आज जगभर जे तत्त्व सांगितले जाते, त्याच्या नेमके उलटे तत्त्व मुंबईच्या कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले होते!

अंतर की रुंदी?

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०३४ च्या विकास आराखड्याच्या मसुद्याने ही दिशा बदलू पाहिली. प्रमुख स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत निर्देशांक सुचविण्यात आला. मसुद्यातील असंख्य चुकांवर आणि या निर्देशांकावरही कडाडून टीका झाली. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने तो मसुदा नव्याने करण्यास सांगितले. सुधारित आराखड्यास व नियमावलीस मे २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा स्थानकापासूनचे अंतर मागे पडले आणि त्याची जागा रस्त्याच्या रुंदीने घेतली. उपनगरांत मूळ निर्देशांक १ राहिला. ९ मीटर वा अधिक रुंदीच्या रस्त्यावर शासनास अधिमूल्य भरून आणि टीडीआर विकत घेऊन तो २ पर्यंत, तर २७ मीटर वा अधिक रुंदीच्या रस्त्यावर २.५ पर्यंत नेता येईल, अशी रचना झाली. ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर ही वाढ नाही.

याचा अर्थ एका काल्पनिक संस्थेच्या ठोकळ हिशोबाने स्पष्ट होईल. १,००० चौरस मीटरचा भूखंड, त्यावर प्रत्येकी ५० चौरस मीटरच्या २० सदनिका. रस्ता १० मीटरचा असेल तर निर्देशांक २ प्रमाणे २,००० चौरस मीटर मिळतात. तीस वर्षांवरील जुन्या संस्थांसाठीच्या कलम ३३(७)(ब) खाली प्रत्येक सदनिकेमागे १० प्रमाणे आणखी २०० चौरस मीटर. त्यावर ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र धरल्यास एकूण २,९७०. जुन्या सभासदांना त्यांच्या वाट्याच्या फंजिबलसह प्रत्येकी ६७.५ प्रमाणे १,३५० दिल्यावर विकासकाकडे १,६२० चौरस मीटर विक्रीस उरतात. आता हीच संस्था ७ मीटरच्या गल्लीत आहे असे समजू. १,००० अधिक २००, त्यावर ३५ टक्के, म्हणजे १,६२०. सभासदांचे १,३५० वजा जाता उरतात केवळ २७०. एवढ्या विक्रीवर बांधकाम, सभासदांचे दोन-तीन वर्षांचे पर्यायी भाडे आणि महापालिकेचे शुल्क भागणे कठीण. विक्रीयोग्य क्षेत्रात सहापट अंतर पडते ते केवळ समोरच्या रस्त्यामुळे.

आणि स्थानकालगतच्या गल्ल्याच बहुधा अरुंद आहेत. ज्या इमारतीतून माणूस पाच मिनिटांत फलाटावर पोहोचतो ती टेकूंवर उभी राहते, आणि ज्या रुंद रस्त्यावरून स्थानकाला जायला रिक्षा करावी लागते तेथे बुरूज उभे राहतात. या विसंगतीची किंमत सर्वाधिक मोजतात ते निवृत्तिवेतनावर जगणारे सभासद. इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस हाती पडते, पण कोणीही विकासक निविदा भरीत नाही.

रुंदीची अट निरर्थक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. अग्निशमन दलाची गाडी आत शिरून वळली पाहिजे, हे वास्तव आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २९७ खाली रस्त्याची नियमित रेषा आखून, पुनर्विकासाच्या वेळी प्रत्येक संस्थेकडून पट्टी घेत गल्ली रुंद करता येते. परंतु तसे होण्यास गल्लीतील सर्वच संस्थांनी मागे सरकावे लागते आणि त्यास एक पिढी जाऊ शकते. शिवाय पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर अशा भागांत विमानतळाच्या उड्डाणमार्गामुळे इमारतींच्या उंचीवर स्वतंत्र मर्यादा आहे. तेथे कागदावरील निर्देशांक पूर्ण वापरता येतोच असे नाही.

अन्यत्र काय घडले

केंद्र शासनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरचे प्रभावक्षेत्र कल्पिलेले आहे. पुण्यात मेट्रो स्थानकांच्या ५०० मीटर परिसरात, भूखंडाचा आकार व रस्ता पाहून, ४ पर्यंत निर्देशांक देण्याची तरतूद झाली.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. सिडनीची जुनी उपनगरेही लोहमार्गाच्या कडेने वाढलेली, कौलारू घरांची. तेथील राज्य शासनाने १३ मे २०२४ पासून निवडक स्थानकांच्या ४०० मीटर परिसरात सुमारे सहा मजली निवासी इमारतींना मुभा दिली. उंची २२ मीटर, निर्देशांक २.५, भूखंडाची किमान रुंदी २१ मीटर. मोठ्या प्रकल्पांतील किमान २ टक्के क्षेत्र परवडणाऱ्या घरांसाठी कायमचे राखण्याची अटही घातली. उत्तरेकडील कु-रिंग-गाय नगरपरिषद याविरुद्ध न्यायालयात गेली. जुनी वृक्षराजी आणि वारसा परिसर हे तिच्या चिंतेचे विषय होते. पुढे तडजोडीतून तिने आपला पर्यायी आराखडा मांडला. मुंबईतील रुंद रस्त्यावरचा कमाल निर्देशांक आणि सिडनीतील हा निर्देशांक दोन्ही २.५ आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आकडा एकच, परंतु तेथे तो स्थानकाच्या अंतराला बांधलेला आहे आणि येथे डांबराच्या रुंदीला.

माणसे की चौरस मीटर?

आता आरंभी केलेल्या भेदाकडे वळू. वरील हिशोबातील १,६२० चौरस मीटरमध्ये ५० चौरस मीटरची ३२ घरे बसतात, आणि १३५ चौरस मीटरची १२. दोन्ही बाबतींत निर्देशांक तोच. स्थानकालगतची जमीन महाग असल्याने विकासकाचा कल साहजिकच दुसऱ्या पर्यायाकडे असतो. मोठी सदनिका घेणारे कुटुंब गाडी बाळगते. नियमावलीतील वाहनतळाचे प्रमाणही मुख्यतः सदनिकेच्या क्षेत्रफळावर ठरते, स्थानकापासूनच्या अंतरावर नव्हे. परिणामी लोकलपासून हाकेच्या अंतरावर वाहनतळांचे मजले चढतात. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणाद्वारे शहरी नियमांतील मोटारींच्या किमान जागेची सक्तीच काढून टाकली. मुंबईत तेवढे धाडस नको असल्यास, निदान स्थानकाच्या ५०० मीटर परिघात वाढीव निर्देशांक लहान सदनिकांच्या अटीवर द्यावा आणि वाहनतळास किमानाऐवजी कमाल मर्यादा घालावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यातही भाडेकरू सुटतोच. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मत असते ते सभासदाला. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी परिचारिका किंवा दुकानातील कामगार यांना पुनर्विकासाच्या करारात जागा नसते. इमारत पाडली की ते पुढच्या स्थानकाकडे सरकतात, मग त्याच्याही पुढच्या. विरार किंवा बदलापूरहून रोज पहाटे निघणाऱ्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्यांत असे किती असतील, याची मोजणी कोणत्याही विकास आराखड्याच्या तक्त्यात आढळत नाही.