उशाशीं शस्त्र

घराचें रक्षण करणें हें गृहस्थाचें कर्तव्य आहे, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो शस्त्र किती जवळ ठेवावें याविषयीं. रात्रीं दार खडखडलें कीं हात लांबवितांच बंदूक सांपडावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु जें शस्त्र धन्याच्या हाताजवळ असतें, तें घरांतील प्रत्येकाच्या हाताजवळ असतें, ही गोष्ट भयाच्या भरांत सहसा विसरली जाते.

अमेरिकेंत हा प्रश्न न्यायालयापुढें आला होता. वॉशिंग्टन शहराच्या कायद्याप्रमाणें घरांतील बंदूक गोळ्या काढून व भाग सुटे करून, अथवा तिच्या चापास कुलूप घालून ठेवावी लागे. हेलर यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं हा निर्बंध रद्द केला. कारण अशी बंदूक स्वसंरक्षणाच्या ऐन वेळीं निरुपयोगी ठरते. न्यायालयानें हक्क ठरविला. पण हक्क मिळाल्यानें धोका कमी होत नाहीं. आर्थर केलरमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, ज्या घरांत बंदूक होती तेथें खून होण्याचा संभव सुमारें २.७ पट आढळला. आणि मारणारा बहुधा आप्त किंवा परिचित होता. ज्यांना आधींच भय असतें तेच बंदूक घेतात, असा आक्षेप या आंकड्यावर घेतला गेला, व तो विचारांत घेण्यासारखा आहे.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. इस्रायलच्या सैन्यानें २००६ सालीं सैनिकांना आठवड्याच्या सुटींत रायफली घरीं नेण्यास मनाई केली. त्यानंतर तरुण सैनिकांतील आत्महत्या सुमारें ४० टक्क्यांनीं घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतच झाली. असें कां व्हावें? निराशेचा झटका पुष्कळदां थोडा वेळच टिकतो. त्या वेळीं शस्त्र दूर असलें, तर झटका ओसरतो आणि मनुष्य वांचतो.

हिंदुस्थानांत १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास बंदी आली. गोऱ्या लोकांस त्यांतून सूट असल्यामुळें राष्ट्रसभेनें त्याचा निषेध केला. स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा कायदा केला. परवान्याची अट मात्र ठेवली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस फार तर दोन बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. आत्मरक्षणाचा हक्क सर्वांसच आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं घर फोडणाऱ्याविरुद्ध तो प्रसंगीं प्राण घेण्यापर्यंतहि जातो. तथापि बचावास अवश्य तेवढीच इजा करतां येते. आणि सरकारी साह्य मागण्यास अवसर असेल तेथें हा हक्क उरत नाहीं. अंधारांत दिसणारी आकृति चोराची कीं रात्रीं उशिरां परतलेल्या मुलाची, हें ओळखण्याचा भार तर सर्वस्वीं धन्यावरच असतो.

मग घरानें निराधार राहावें काय? मुळींच नाहीं. जुन्या वाड्यांची रचना पाहावी. भक्कम दरवाजा, आंतून अडसर, वांकून आंत यावें लागेल अशी लहान दिंडी आणि देवडीवरचा पहारा, या सर्वांचा हेतु येणाऱ्यास अडवून घरच्यांस सावध होण्यास वेळ मिळवून देणें हा होता. आजच्या घरासहि चांगली कडी, बाहेरचा दिवा, भुंकणारा कुत्रा, हांकेस ओ देणारा शेजार आणि ११२ हा दूरध्वनि क्रमांक हेंच काम करतात. परवान्याची बंदूक असलीच, तर ती रिकामी करून कुलपांत ठेवावी, काडतुसें निराळ्या कुलपांत असावींत, आणि किल्ल्या परवानाधारकाखेरीज कोणाच्याहि हातीं पडूं नयेत. घरांत कोणाचें मन खचलेलें असेल, तर तेवढ्या काळापुरती बंदूक कायदेशीर रीतीनें घराबाहेरच ठेवणें श्रेयस्कर.

कुलूप काढण्यास लागणारा वेळ चोराच्या भीतीनें फार मोठा वाटतो. परंतु घरांतील मूल, संतापलेला भाऊ आणि जिवास कंटाळलेला मनुष्य यांचें रक्षण तेवढाच वेळ करीत असतो.