गालाचं हाड मोडलं, तर चीर कुठे देतात?

बाईकवरून पडून गालाचं हाड मोडलं की पहिला प्रश्न असतो, ‘चेहऱ्यावर व्रण राहणार का?’ माझ्या मते तो दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला, पापणीचं काय?

हे हाड डोळ्याच्या खोबणीचाही भाग असतं. नुसतं आत दबलं असेल तर काम सोपं. कानाच्या वर, केसांत छोटी चीर द्यायची, आत पट्टी सरकवायची आणि हाड उचलायचं. ही गिलीज यांची १९२७ची पद्धत. किंवा मग ओठाच्या आतून, हिरडीच्या वर.

खोबणीचा तळ फुटला असेल तर सहसा खालच्या पापणीतून जावं लागतं. पापणीच्या केसांलगत चीर दिली तर व्रण जेमतेम दिसतो, पण पापणी खाली ओढली जाऊन बाहेर उलटण्याचा धोका वाढतो. मग डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. चीर जरा खाली घेतली की तो धोका कमी, रेघ मात्र थोडी दिसते. पापणीच्या आतून गेलं तर बाहेर व्रणच नाही. पण जागा अरुंद, आणि क्वचित पापणी आत वळून केस डोळ्याला टोचतात.

एरवी सूज उतरेपर्यंत थांबतात. पण लहान मुलाला बॉल लागला, डोळा वरून ठीक दिसतोय, तरी वर बघताना दुखतंय, उलट्या होतायत? स्नायू फटीत अडकलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि हो, नाक जोरात शिंकरू देऊ नका.