पाण्याखालचा श्वास आणि राखीव हवा

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेली मंडळी सांगतात, "पाठीला ऑक्सिजनची टाकी बांधून समुद्रात उतरलो." आम्हीही हे खरे मानत होतो. वस्तुतः त्या टाकीत सहसा आपली नेहमीचीच हवा सुमारे २०० पट दाबाने भरलेली असते.

एवढा दाब छातीला सोसणार नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी श्वास ओढला की तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर तयार केला. आजच्या रेग्युलेटरचा टाकीवरील भाग दाब बराच उतरवतो आणि तोंडातील भाग तो भोवतालच्या पाण्याइतका करून देतो. बिघाड झालाच, तर बहुतेक रेग्युलेटर बंद पडत नाहीत. झडप उघडी राहून हवा भसाभस वाहू लागते. श्वास मिळतो, पण टाकी झपाट्याने रिकामी होते.

आता हिशेब पाहू. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. ३० मीटरवर तो चौपट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही चौपट लागते. १२ लिटरच्या टाकीत २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर धरले, तर पृष्ठभागावर ती २ तास पुरेल. ३० मीटरवर अर्धा तासच.

राखीव सोयीतही फरक आहे. 'ऑक्टोपस' म्हणजे त्याच टाकीला जोडलेले दुसरे तोंड. ते सोबत्याला श्वास देते, पण टाकी संपली की तेही संपते. स्वतंत्र लहान टाकी हीच खरी शिल्लक. ३ लिटरच्या टाकीत ६०० लिटर हवा असते. ३० मीटरवर एक मिनिट सावरून, मिनिटाला ९ मीटर वेगाने वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे, तर शांत माणसाला सुमारे ३४० लिटर लागतात. घाबरून श्वास दुप्पट झाला, तर ६८० लिटर. म्हणजे टाकी अपुरी!

वर येताना श्वास मात्र कधीही रोखू नये. दाब घटल्याने फुगणारी हवा फुप्फुस फाडू शकते.

आम्ही बँकेत रोज शिल्लक मोजतो. पाण्याखालची शिल्लक मात्र किनाऱ्यावर बसून मोजायची नसते. ज्या खोलीवर ती लागणार, तिथल्या दाबाने आणि घाबरलेल्या माणसाच्या श्वासाने मोजावी लागते.