पक्षाघात, घड्याळ आणि घरातील माणसे

सकाळची वेळ आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती चहाचा पेला उचलू पाहते आणि तो हातातून निसटतो. बोलण्याचा प्रयत्न होतो, पण शब्द अडखळतात. ओठांचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसतो. अशा वेळी आपल्या घरांतून काय घडते, याची कल्पना वाचकांना असेलच. कोणी म्हणते, ‘रात्री गारठा लागला असेल’. कोणी म्हणते, ‘थोडा वेळ पडू द्या, बरे वाटेल’. कोणी तेल गरम करावयास घेते. या साऱ्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु त्या मायेपोटी जो तास-दीड तास निघून जातो, तो पुढे कोणत्याही मोलाने परत मिळत नाही.

पक्षाघात, ज्याला आपण लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो, हा वस्तुतः हातापायांचा विकार नव्हेच. तो मेंदूचा विकार आहे. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी एकतर गुठळीने बंद पडते, किंवा फुटते. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटाला सुमारे 19 लक्ष चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब 2006 साली मांडण्यात आला. म्हणूनच या रोगावरील साधनांचा विचार करताना आरंभ रुग्णालयापासून नव्हे, तर आपल्या भिंतीवरील घड्याळापासून केला पाहिजे.

पहिले साधन: घड्याळ

चेहरा, हात आणि वाणी या तीन गोष्टी कोणासही तपासता येतात. रुग्णास हसावयास सांगावे. तोंड एका बाजूस वाकडे होते काय ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे. एक हात खाली ढळतो काय ते पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगावे; उच्चार जड किंवा अर्थहीन होतो काय ते ऐकावे. एकाएकी तोल जाणे आणि एकाएकी दिसेनासे होणे, हीदेखील याच रोगाची लक्षणे असू शकतात. यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर ते पुरेसे समजावे. थोड्या वेळाने ते आपोआप नाहीसे झाले, तरीही रुग्णालयात जाणे टाळू नये. तो पुढील मोठ्या आघाताचा इशारा असू शकतो.

नंतर घड्याळ पाहावे आणि एक वेळ कागदावर लिहून ठेवावी: ही व्यक्ती अगदी ठीक आहे असे शेवटी केव्हा पाहिले, ती वेळ. झोपेतून उठतानाच लक्षणे दिसली असतील, तर रात्री निजण्याची वेळ लिहावी. रुग्णालयात डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील आणि पुढील बरेचसे उपचार त्या उत्तरावर अवलंबून राहतील. बहुतेक राज्यांत 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती ताबडतोब बोलवावी.

या काळात काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तोंडाने पाणी, चहा किंवा औषध देऊ नये. गिळण्याची शक्ती गेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. ॲस्पिरिन देऊ नये, कारण वाहिनी फुटलेली असल्यास ते घातक ठरते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरच्या घरी जादा गोळीही देऊ नये.

दुसरे साधन: मेंदूचे चित्र

रुग्णालयात प्रथम बोटातील रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासतात. साखर फार उतरली असता पक्षाघातासारखीच लक्षणे दिसू शकतात आणि त्यावरील उपाय अगदी निराळा असतो. त्यानंतर मेंदूचा सी. टी. स्कॅन होतो. गुठळी की रक्तस्राव, हा निर्णय बाहेरून रुग्णाकडे पाहून खात्रीने करता येत नाही आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. पूर्वीच्या पिढ्यांतील नामांकित वैद्यांनाही या ठिकाणी अंदाजावर विसंबावे लागे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने सिद्ध केलेल्या यंत्रावर 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विंबल्डन भागातील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले, आणि तो अंदाज संपुष्टात आला. या कार्यासाठी हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे आपल्यासाठी बोध एवढाच की, ज्या रुग्णालयात अहोरात्र सी. टी. स्कॅन चालू असतो, तेथेच रुग्णास न्यावे. ते रुग्णालय कोणते, ही चौकशी संकट येण्यापूर्वीच करून ठेवावी.

उपचार आणि त्यांची मुदत

गुठळीमुळे आघात झाला असेल तर ती विरघळविणारे औषध शिरेतून देता येते. अल्टेप्लेस या औषधाचा निर्णायक प्रयोग अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्या रुग्णांत, तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी अधिक आढळली. मात्र त्याच प्रयोगात शंभरांपैकी सुमारे सहा रुग्णांच्या मेंदूत गंभीर रक्तस्रावही झाला. म्हणूनच हे औषध तपासणीवाचून देत नाहीत. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पुढे 2015 साली एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी असे सिद्ध केले की, मोठ्या वाहिनीतील गुठळी जांघेतून नळी नेऊन, बारीक तारेच्या जाळीने ओढून काढल्यास पुष्कळ रुग्ण पुन्हा स्वावलंबी होतात. हे साधारणतः सहा तासांच्या आत करावयाचे असते. विशेष तपासणीने निवडलेल्या काही रुग्णांत 24 तासांपर्यंतही ते करता येते.

आता आपण म्हणाल, ‘हे सारे मोठ्या शहरांतील लोकांसाठी; दूरच्या खेड्यातील माणसाने काय करावे?’ प्रश्न रास्त आहे. परंतु याही दिशेने आपल्या देशात पावले पडली आहेत. हिमाचल प्रदेशात 2014 च्या सुमारास जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर मेंदूची चित्रे मोबाइल फोनवरून मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवू लागले आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळीवरील औषध तेथेच, विनामूल्य देऊ लागले. आसामात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने याच्याही पुढचा प्रयोग केला: सी. टी. स्कॅनचे यंत्रच गाडीवर चढवून ते रुग्णाच्या दिशेने नेले. अशी दोन फिरती केंद्रे 2025 मध्ये आसाम शासनाच्या स्वाधीन करण्यात आली. तरीही ध्यानात ठेवावे की, गाडी कितीही वेगाने धावली, तरी तिला बोलावणारा माणूस घरातच असतो.

घरी परतल्यावर

रुग्ण घरी येतो तेव्हा कुटुंबाची खरी कसोटी सुरू होते. येथे दोन भ्रम संभवतात. पहिला, महागडे यंत्र मिळाले की हात पुन्हा चालेल. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये 770 रुग्णांवर यंत्रमानवाच्या साहाय्याने हाताच्या व्यायामाचा मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या उपचारांहून त्याचा अधिक लाभ झाला नाही, असे 2019 साली जाहीर झाले. दुसरा भ्रम, घरच्यांनी मायेने सेवा केली की पुरे, शिकलेल्या उपचारकाची गरज नाही. आपल्याच देशात 14 रुग्णालयांतील 1,250 रुग्णांवर, कुटुंबीयांना शिकवून घरी व्यायाम करविण्याचा प्रयोग झाला. 2017 साली त्याचा निष्कर्ष निघाला: सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के होते. याचा अर्थ कुटुंबाचे श्रम व्यर्थ असा मुळीच नव्हे. अर्थ एवढाच की, घरच्यांवर सारा भार टाकून भौतिकोपचारतज्ज्ञास निरोप देता येणार नाही. तज्ज्ञाने वाट दाखवावी, रुग्णाने चालावे आणि घरच्यांनी सोबत करावी, हीच योग्य विभागणी होय.

या वाटेवरची साधने पुष्कळशी साधीच आहेत. काठी नेहमी चांगल्या बाजूच्या हातात धरावी. तोल फार जात असल्यास चार पायांची काठी घ्यावी. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुबळा पाय आधी टाकावा. चालताना पाऊल लोंबत असेल तर टाचेपासून पोटरीपर्यंतचा हलका प्लॅस्टिकचा आधार बुटात घालता येतो. तो मापाने करून घ्यावा. रुग्णास उठविताना दुबळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. चमच्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून ती जाड केली आणि ताटाखाली ओले फडके ठेवले, तर पुष्कळांना एका हाताने जेवता येते. आपल्याकडील खाली बसण्याच्या शौचकूपात असे रुग्ण हमखास पडतात. म्हणून बैठकीची खुर्ची आणि भिंतीला आधाराची दांडी, हा खर्च पहिला करावा.

साधा आरसाही उपयोगी पडतो. तो दोन्ही हातांमध्ये उभा ठेवून चांगला हात हलविला, की आरशात दुबळा हातच हलतो आहे असा भास होतो. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी तुटलेल्या अवयवाच्या वेदनांसाठी योजिलेली ही युक्ती 1999 पासून पक्षाघातातही वापरून पाहण्यात आली, आणि मुख्य व्यायामास जोड म्हणून ती लाभदायक ठरली. वाणी गेलेल्या रुग्णासाठी पाणी, जेवण, औषध, शौच, दुखणे यांची चित्रे एका पुठ्ठ्यावर चिकटवावीत. त्याच्याशी मोठ्याने नव्हे, सावकाश बोलावे. ज्यांना स्वतःचे नावही सांगता येत नाही, अशांपैकी काहींना पाठ असलेला अभंग चालीवर म्हणता येतो. तो त्यांना अवश्य म्हणू द्यावा.

काठ्या, चाकाच्या खुर्च्या इत्यादी साधने कानपूर येथील शासकीय कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ 1970 च्या दशकापासून तयार करीत आहे. अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांना ती विनामूल्य देण्यासाठी 2017 साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी करावी.

वाचकहो, हा लेख वाचून संपल्यावर एक काम आजच करावे. जवळच्या योग्य रुग्णालयाचे नाव आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक दिनदर्शिकेशेजारी ठळक अक्षरांत लिहून लावावा. घरातील मुलांनाही चेहरा, हात आणि वाणी यांची परीक्षा शिकवावी. आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब या आठवड्यात मोजून घ्यावा, कारण पक्षाघाताचे सर्वांत मोठे आणि आटोक्यात आणता येण्याजोगे कारण तेच आहे. यापैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही. देव करो आणि तो भिंतीवरचा कागद कधीच उपयोगी न पडो. पण तो तेथे असला पाहिजे.