तिवराचं गणगोत

अमावस्येच्या उधाणाला आमच्या खाडीची ओहोटीही खोल जाते. त्या सकाळी ठाकुर्लीहून रिक्षाने देवीच्या पाड्याला उतरले, चपला हातात घेतल्या आणि चिखलात पाय घातला. उल्हास इथे नदीही आहे नि खाडीही. भरतीला पाणी उलटं कल्याणकडे चढतं. काठाला सगळं तिवर. पानाला जीभ लावा, खारट लागेल. नको असलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

जाळं धुणाऱ्या एका मामांनी विचारलं, "ताई, पाला शेळ्यांना का?"

"नाही मामा, तपासायला."

"का, झाडाला काय झालंय?"

झालं काहीच नव्हतं. ही झाडं एकमेकांची कोण लागतात, एवढंच बघायचं होतं. एका झाडाची दोन-तीन कोवळी पानं, मग बरंच अंतर सोडून पुढचं झाड. अगदी शेजारची सख्खी भावंडं निघण्याची शक्यता जास्त. पानं पुसून सिलिका जेलच्या पिशवीत टाकायची. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे त्या पिशव्या स्लो लोकलच्या गर्दीत पोटाशी धरून मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचल्या.

खरी परीक्षा तिथे. वाळलेली पानं खलात कुटायची, सीटॅब नावाच्या रसायनाच्या द्रावणात ६५ अंशांवर तासभर ठेवायची, क्लोरोफॉर्मने धुवायची आणि वर थंड आयसोप्रोपॅनॉल ओतायचं. पुस्तकाप्रमाणे आता डीएनएचा पांढरा दोरा तरंगायला हवा. माझ्या नळीत तपकिरी शेंबूड आला. माफ करा, पण दुसरा शब्द नाही. तिवराच्या पानात फिनॉलं भरपूर. पान फुटलं की ती काळवंडतात आणि डीएनएला चिकटून बसतात. वर चिकट शर्करा वेगळ्याच. मग या चिकटपणावर उपाय म्हणून द्रावणात पीव्हीपी नावाचं रसायन घातलं, सडक्या अंड्यासारखं घाण मारणारं मर्कॅप्टोइथेनॉल वाढवलं आणि मीठही वाढवलं. झाड जे जन्मभर बाहेर टाकतं, तेच आम्ही त्याच्या पानांत पुन्हा ओतत होतो.

डीएनए हाती आला की मार्कर शोधायचे. डीएनएत काही ठिकाणी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जीए-जीए-जीए अशी. एका झाडात बारा वेळा, तर दुसऱ्यात पंधरा. याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना बसतील असे वीसेक अक्षरांचे प्रायमर बनवायचे आणि पीसीआर यंत्रात तुकड्याच्या प्रती काढायच्या. दर फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर, निदान कागदावर तरी. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी असे मार्कर वापरून केलेला तिवराचा अभ्यास २००० साली छापला. पण तिकडच्या झाडांवर चालणारी प्रायमरची जोडी उल्हासच्या काठीही चालेल याची खात्री नसते. करून बघावं लागतं.

आणि त्या प्रती जेलवर चालवून बघताना फजिती होते. एक जोडी काहीच देत नाही, दुसरी शिडीसारख्या दहा पट्ट्या देते. जीव जडतो तो तिसरीवर: सगळ्या झाडांत एकच ठसठशीत, देखणी पट्टी. पहिल्यांदा आली तेव्हा मी फोटो काढून घरी पाठवला होता. ती पट्टी कुचकामी. सगळेच एकसारखे दिसत असतील तर भाऊ कोण नि परका कोण, हे कळणार कसं? पण दोन अक्षरांचा फरक साध्या अॅगारोज जेलवर दिसत नाही, म्हणून जेलवर सारखी दिसलेली जोडी लगेच फेकायचीही नाही; महागड्या केशिका-यंत्रावर एकदा तपासून मगच निकाल.

हा खटाटोप कशासाठी? तिवराचं फळ पावसाळ्यात पडतं, तेव्हा त्याच्या आतलं रोप उगवायला तयारच असतं. पाण्यावर तरंगत ते जिथे अडेल तिथे रुजतं. एरवी वेगवेगळ्या झाडांच्या रोपांची सरमिसळ भरती-ओहोटी करते. हल्ली लावणीच्या मोहिमा निघतात आणि रोपं रोपवाटिकेतून येतात. चार झाडांखालच्या फळांवर अख्खा काठ हिरवा केला, तर फोटोत जंगल दिसेल, पण ते एकाच घरातलं असेल. एक रोग आला की सगळ्यांना एकदमच गाठणार.

तेव्हा येत्या पावसात फळं वेचायला जाणार असाल, तर एकाच झाडाखाली पोतं भरू नका. मूठभर इथून घ्या, मूठभर पार खाडीकाठच्या रेतीबंदराच्या पलीकडून.